एका शिंप्याने बेतलेली मोटार

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, लांब नाकाची आणि जमिनीशी गुजगोष्टी कराव्यात इतकी बुटकी. मला म्हातारी म्हणा, चालेल. मोडकी म्हणाल तर ऐकून घेणार नाही. आजही मी रस्त्याने निघाले की माणसं बोलता बोलता थांबतात. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

कारखान्यातून निघाल्यावर महिनाभर मी शोरूमच्या काचेआड उभी होते. समोर शिंप्याचं दुकान होतं. तिथला विशीतला एक शिकाऊ कारागीर दुपारच्या सुट्टीत रोज येऊन मला न्याहाळायचा. इतर लोक माझा वेग विचारत. हा मात्र माझी नाकापासून शेपटीपर्यंतची रेघ बघायचा. एकदा काचेला नाक लावून तो म्हणाला, "जिथं कापायला हवं तिथंच कापलंय. एक सूत इकडेतिकडे नाही." इतकं जाणतं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

मला नेलं मात्र दुसऱ्यानेच. त्याने दामटलं, त्याच्याकडून घेणाऱ्याने आदळलं आणि तिसऱ्याने रंगाच्या गोदामामागे ताडपत्रीखाली टाकून दिलं. तिथे मला गंज चढला. माझ्या आसनावर एक मांजर दोनदा व्याली. लोक माझ्या बॉनेटवर डबे ठेवू लागले. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते मला तेव्हा समजलं.

मग एके दिवशी कुणीतरी ताडपत्री उचलली. डोक्यावरचे केस पांढरे, गळ्यात टेप. काचेला नाक लावणारा तोच शिकाऊ कारागीर होता! आता त्याचं स्वतःचं दुकान होतं आणि सगळे त्याला मास्तर म्हणत. त्याने माझ्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सापडलीस एकदाची."

दुकानाच्या मागच्या खोलीत माझं काम सुरू झालं. इंजिन मास्तरांच्या मित्राने हाती घेतलं. तो फिटर, बोलायला फटकळ, पण हातात जादू. त्याने माझा आवाज असा बसवला की खोकला जाऊन खर्ज आला. पत्रा ठोकला, खड्ड्यांत लांबी म्हणजे पुट्टी भरली, घासली. रंग पूर्वीचा लाल नको, गडद हिरवा हवा, हे मास्तरांनी ठरवलं. "हिला लाल कुणी दिला? हिच्या अंगाला तो कधी शोभलाच नाही," असं ते म्हणाले तेव्हा मी मनातून हसले, कारण मलाही तसंच वाटायचं. कापडी टप त्यांनी दुहेरी शिवला. स्टिअरिंगवर कातडं चढवलं, टाके इतके बारीक की फिटरने चष्मा लावून मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दोन वर्षं लागली.

मास्तरांची बायको दुकानात बसून काज-बटणं करायची. तीस वर्षं दोघं एकाच दिव्याखाली काम करत होती. माझं काम सुरू झालं त्याच सुमारास तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तिला शेजारी बसवून मोठा फेरफटका मारायचा, हे मास्तरांच्या मनात फार वर्षांपासून होतं. म्हणून शेजारचं आसन त्यांनी तिला न सांगता, गुपचूप शिवलं. माप? ते त्यांच्या वहीत होतंच, लग्नाच्या पोशाखाचं. एकदा घेतलेलं माप मास्तर पुन्हा घेत नसत, त्याची त्यांना फार घमेंड होती.

रविवारी सकाळी ती नवा कोट घालून आली. मी चकाकत होते. ती वाकली, अर्धी आत आली आणि अडकली. आसनाच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे तिला आत घेईनात, गुडघा वळेना. शेवटी मास्तरांनी एक हात आणि फिटरने दुसरा हात धरून तिला बाहेर ओढलं. तिघंही हसली. तिचं हसू सगळ्यांत आधी थांबलं.

"हे कुणाच्या मापाने शिवलंत?" तिने विचारलं.

"तुझ्याच की. वहीतलं."

"ती पोरगी कधीच गेली हो," ती म्हणाली. "तुम्ही आणि ही गाडी, दोघं जाऊन या."

ती आत गेली. मास्तर मला एकटेच घेऊन निघाले. रस्त्यावर लोक वळून वळून बघत होते आणि मास्तरांना त्यातलं काही दिसत नव्हतं. मला पहिल्यांदा माझ्या देखणेपणाची लाज वाटली.

परत येताच त्यांनी ते आसन उसवायला घेतलं. फिटर भडकला. "जुन्या गाड्यांचा मेळावा तोंडावर आलाय. आसन उंच केलंत तर गाडीची रेघ मोडेल. ही स्पोर्ट्स कार आहे, आरामखुर्ची नव्हे."

"मोडू दे रेघ," मास्तर म्हणाले. तीच रेघ, मित्रांनो, जी बघायला ते तरुणपणी जेवण अर्ध्यावर टाकून येत.

मग त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, जरा इथं स्टुलावर बस. माप घ्यायचंय."

"वहीत आहे ना?"

"वहीतलं चुकलंय."

ती बसली. त्यांनी कंबर मोजली, पाठ मोजली. गुडघा कुठपर्यंत न दुखता वळतो ते खाली बसून, तिचा पाय हातात धरून पाहिलं. "इथं दुखतं?" "थोडं." "कधीपासून?" "ऑपरेशन झाल्यापासून. दोन वर्षं झाली." मास्तरांचा खडू हातातच राहिला. दोन वर्षं त्यांनी माझा एकेक स्क्रू कान देऊन ऐकला होता.

नवं आसन चार बोटं उंच झालं. दाराकडचा उंचवटा गेला आणि फिटरनेच कुरकुरत खाली फिरती तबकडी बसवली. मास्तरांची बायको बाहेर पाय ठेवून बसली, आसन वळलं आणि ती माझ्या आत आली, कुणाचाही हात न धरता.

मेळाव्यात परीक्षकांनी त्या आसनावर बोट ठेवलं आणि माझं बक्षीस गेलं. तरी सांगते, त्या मैदानात माझ्याइतक्या ताठ मानेने कुणी उभं नव्हतं. इतर गाड्यांची शेजारची आसनं चकचकीत होती आणि रिकामी होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आम्हाला पुसा, तेल द्या, उन्हापावसात टाकू नका. पण आमच्यावरून फिरणारा हात घरातल्या माणसांच्या दुखण्यापर्यंतही पोचू द्या, कारण आमचं गंजलेलं दिसतं, त्यांचं दिसत नाही.

त्या दिवशी मेळाव्याहून परतताना मास्तरांनी मला दुकानापाशी आणून थांबवलं. बायको उतरेना. पाठ टेकून समोर बघत म्हणाली, "पुढं घ्या. दुकान कुठं पळून चाललंय?"