मूठभर कोरडी वाळू

मित्रांनो, पनवेलच्या बाजूला मालगाड्या ओढणारे मी एक जुने विजेचे इंजिन आहे. कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या कपाळाला हळदकुंकू लागले होते. माझ्या ताकदीचे सगळे कौतुक करतात; पण माझे प्रत्येक चाक रुळाला टेकते ते जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर. तेवढी पकड सुटली की ताकद फुकट, ब्रेकही फुकट. म्हणून चाकांपुढे वाळूच्या पेट्या असतात. रूळ निसरडा झाला की नळीतून वाळू पडते आणि चाक पुन्हा रुळाला धरते.

वाळू मात्र कोरडी हवी. माझ्या पेट्यांची झाकणे सैल झाली होती. आत ओल शिरून वाळूची ढेकळे झाली. माझे चालक हरेश, गव्हाणचे, यांनी वहीत तसे लिहिले. माझी देखभाल करणाऱ्या शेडचा मुकादम म्हणाला, पुढच्या खेपेला बघू. हरेश थांबले नाहीत; गाडी घेऊन निघाले.

त्या सकाळी भुरभुर होती. रुळावरचे तेल धुऊन जाईल इतका पाऊस नव्हता, नुसता चिकट ओलावा. उतारावर लाल सिग्नल दिसला. हरेशनी ब्रेक लावला. माझी चाके थांबली, पण मी थांबलो नाही. त्यांनी वाळूचे बटण दाबले, पुन्हा दाबले. शेजारी बसलेल्या सहायक अंकिताला ते हळूच म्हणाले, "वाळू पडत नाय."

सिग्नलपलीकडे नेऱ्याचे बळीराम आणि त्यांचा सोबती मिथुन रूळ दुरुस्त करत होते. त्यांच्या हातातल्या यंत्राच्या घरघरीत माझा भोंगा त्यांना फार उशिरा ऐकू आला. बळीरामांनी मिथुनला बाहेर ढकलले. त्यांचा स्वतःचा उजवा पाय मात्र माझ्या चाकाखाली राहिला.

चौकशी झाली, झाकणे बदलली. बळीराम आता कुबडी घेऊन चालतात. हरेश त्यांना भेटायला गेले होते. अंकिता सांगत होती, बळीराम एवढेच म्हणाले, "तुला माहीत होतं ना? मग निघालास कशाला?"

परवा हरेशनी निघण्यापूर्वी अंकिताला बटण दाबायला लावून नळीखाली हात धरला. झाकणे नवी होती, तरी हात रिकामाच राहिला. मुकादमाला ते म्हणाले, "वाळू पडल्याबिगर मी गाडी काढनार नाय." मुकादम चिडला. हरेश रुळाशेजारी उभेच राहिले.

मित्रांनो, मला पुसले नाही, रंगवले नाही तरी चालेल; पण माझ्या पेटीत हात घालून बघत जा. परवा ती गाडी शेवटी माझ्याऐवजी दुसरे इंजिन घेऊन गेले. त्याच्या नळीखाली कोणीच हात धरला नाही.