उलट्या पानाचा मणी

लोरेदानाच्या दुकानाच्या काचेआड मला माझी चूक टांगलेली दिसली. एक नाही, माळाच्या माळा. मी हातातली पावाची पिशवी दारापाशी ठेवली आणि नाक काचेला लावून पाहिलं.

काचेच्या मण्यावर गुलाबाभोवती मी हिरवं पान काढते, त्याचं टोक कायम वर असतं. सगळ्या मुरानो बेटाला ठाऊक आहे. फक्त एका मण्यावर ते खाली आहे. अठरा वर्षांपूर्वी मी मणी घडवत ज्योतीपाशी बसले होते, लोरेदानाचा नवरा "मुलगी झाली" म्हणत दारात येऊन आदळला आणि माझा हात दचकला. वितळलेली काच माफ करत नाही. मी तो मणी टाकूनच देणार होते.

"टाकू नकोस," बाळंतिणीच्या खाटेवरून लोरेदाना म्हणाली होती. "आमच्या घराण्यात सरळ कोण निघालंय? पोरीला हाच घाल."

त्या पोरीची, निवेसची, मी धर्ममाता. बाप्तिस्म्याला तोच मणी लाल दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घातला. तसा दुसरा मी कधी केला नाही.

आणि आता काचेआड पाटी होती: 'ओरिएत्ताच्या हातचे मणी'. ओरिएत्ता म्हणजे मीच.

"ये गं," लोरेदाना म्हणाली. "कॉफी टाकते."

"कॉफी राहू दे. हे कुणी केले?"

"बाहेरून करून आणले. सगळेच आणतात. तू आठवड्याला करतेस मूठभर, गिऱ्हाईक काय तुझ्या दाराशी धरणं धरून बसणारेय? आणि नाव तुझंच लावलंय की."

केसाने गळा कापायचा, आणि वर हार घातला म्हणून मिरवायचं.

"नमुना कुठला दिलास त्यांना?"

"फोटो पाठवला नुसता. मणी निवेसच्या गळ्यात आहे. बघ हवा तर."

निवेस आतून खोकी घेऊन आली. माझं डोकं तिच्या खांद्याला लागतं आता. ती हसत वाकली. "बघ मावशी, आता सगळ्यांना मिळतोय, पण पहिला माझा."

मी मणी बोटांत धरून फिरवला. गुलाब होता. पान होतं, टोक खाली. मग भोक पाहिलं. आत पांढरी भुकटी होती, लाल दोऱ्यालाही लागली होती.

मणी सळईभोवती घडतो; काच तिला चिकटू नये म्हणून आम्ही सळईवर पांढऱ्या मातीचा लेप देतो. मणी निघाला की भोकातली माती खरवडून, धुऊन टाकायची, त्याशिवाय मी मणी कुणाच्या हाती देत नाही. आणि समजा राहिलीच, तरी अठरा वर्षं दोरा घासल्यावर उरली असती का? हा मणी महिन्याभराचाही नव्हता.

मी लोरेदानाकडे पाहिलं. ती स्वच्छ गल्ला पुन्हा पुसत होती.

"त्यांना हातात घेऊन बघायचा होता," ती हळूच म्हणाली. "परत पाठवतो म्हणाले होते."

माझ्या नावाचं मी कदाचित गिळलं असतं. चार दिवस शिव्या घातल्या असत्या, पाचव्या दिवशी तिच्याकडेच कॉफी प्यायले असते. पण पोटच्या पोरीच्या गळ्यातून खरा मणी काढून नेला, आणि त्या जागी हे अडकवलं. तिला हसत वाकू दिलं माझ्यापुढे.

"काय झालं मावशी?" निवेसने विचारलं. "माझाच आहे ना?"

लोरेदानाने तेव्हा कुठे वर पाहिलं. गप्प राहा, असं ते पाहणं. शाळेपासून मी त्या नजरेला मान देत आलेय.

"तुझा आहे गं," मी म्हटलं. "मी केलेला नाही, एवढंच. माझा कुठे गेला, ते आईला विचार."

"आई?"

लोरेदाना गल्ला पुसत राहिली.

निवेसने दोरा सोडला, मणी काढला आणि समोरच्या ताटात, बाकीच्या मण्यांत ठेवला. ताट जरासं हललं. मग तिचा कुठला, ते आम्हा तिघींनाही सांगता आलं नसतं.