स्ट्रायकरचा हात

माझ्या नवऱ्याने अडतीस वर्षं माझ्यापासून लपवलेली गोष्ट शेवटी बाहेर आली ती मुलुंडच्या एका हॉस्पिटलातल्या फॉर्ममुळे. तीही त्यांनी त्यात खोटं उत्तर लिहिलं म्हणून.

नाव श्यामसुंदर, वय सहासष्ट, हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या. गुरुवारी सकाळी बायपास ठरली होती. बायपास म्हणजे अंगातली दुसरीकडची नळी काढून हृदयाला जोडायची, एवढं मला समजलं होतं. एक नळी छातीतूनच मिळणार होती. बाकीच्यांसाठी बहुतेक लोकांच्या पायातली शीर घेतात, पण यांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा गांडुळांसारख्या फुगलेल्या. सर्जनांनी पाय बघून मान हलवली आणि हातातली धमनी घ्यायचं ठरवलं.

"भांडुपच्या क्लबात तासन्‌तास उभे राहून दुसऱ्यांचे गेम बघितल्याचं हे फळ," मी म्हटलं. हे हसले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माणूस हसतो कसा, याचाच मला राग येत होता.

क्लब म्हणजे कॅरमचा क्लब. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला आमचे हे घाटकोपरला माझ्या माहेरी चार तास उशिरा पोचले. अंगावर नवा सदरा, हातात कॅरमच्या स्पर्धेचा कप. माझे वडील जेवणाला खोळंबलेले, आई ओवाळायला निरांजन घेऊन दारात ताटकळलेली. त्या दिवशी मी ठरवलं की त्या बोर्डाकडे उभ्या जन्मात ढुंकून बघायचं नाही. शब्दाला मी पक्की आहे. क्लबाची पायरी मी एकदाही चढले नाही.

बुधवारी दुपारी डॉक्टर स्वरदा आली. पोरगी पंचविशीची असेल, पण बोलायला तयार. "काका, फॉर्मवर तुम्ही कामाचा हात उजवा लिहिलाय. म्हणजे आपण डाव्यातली धमनी घेऊ."

"कुठली धमनी? मला नीट सांग," मी म्हटलं. "नवरा माझा आहे."

तिने यांची बाही वर सरकवली आणि काखेपासून बोट फिरवत आणलं. एक मोठी धमनी काखेतून दंडात उतरते आणि बेटकुळीच्या आतल्या कडेने खाली येते. ब्लडप्रेशर बघताना डॉक्टर कोपराच्या खळीत स्टेथोस्कोप ठेवतात, तिथे ती ऐकू येते. कोपराखाली तिच्या दोन फांद्या होतात, एक अंगठ्याच्या बाजूने जाते, दुसरी करंगळीच्या. तळव्यात त्या दोघी पुन्हा एकमेकींना जाऊन मिळतात.

"म्हणून अंगठ्याकडची काढली तरी करंगळीकडची सगळ्या हाताला रक्त पुरवते," ती म्हणाली. "फक्त ती कामसू आहे ना, ते तपासायचं."

तिने यांना मूठ आवळायला लावली आणि मनगटावर दोन्ही धमन्या दाबून धरल्या. मूठ उघडली तेव्हा तळवा पांढराफटक पडला होता. मग तिने करंगळीकडच्या धमनीवरचा आपला अंगठा उचलला. चार मोजेपर्यंत तळवा गुलाबी.

"झकास!" म्हणत तिने जांभळ्या मार्करने कोपराखालून मनगटापर्यंत रेघ ओढली. "एक मात्र सांगायला हवं. या धमनीच्या शेजारूनच एक बारीक नर्व्ह जाते. वर स्नायूखाली लपलेली असते, मनगटाच्या अलीकडे वर येते आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूला जाते. धमनी काढताना ती दुखावली तर अंगठ्याला बधिरपणा येतो. बहुतेकांचा काही महिन्यांत जातो. काहींचा राहतो."

"चालेल," हे म्हणाले. इतक्या पटकन म्हणाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. घरात साधा पंखा कुठल्या कंपनीचा घ्यायचा यावर हा माणूस तीन आठवडे विचार करतो.

चार वाजता भेटायला क्लबातले नंदकुमार आले. सफरचंदांची पिशवी टेबलावर ठेवली, यांच्या हातावरची रेघ बघितली आणि तिथेच उभे राहिले.

"श्याम्या, वाट लागली रे! हा तर तुझा स्ट्रायकरचा हात!"

"काहीतरीच काय," मी म्हटलं. "हे उजवे आहेत."

"उजवा?" नंदकुमार खोकला येईपर्यंत हसले. "वहिनी, भांडुपमध्ये याला डावखुरा श्याम म्हणतात! राणी अशी घेतो ना डाव्या हाताने, समोरचा नुसता बघत बसतो." मग त्यांनी आमच्या दोघांची तोंडं बघितली, "चहा घेऊन येतो" म्हणाले आणि गेले ते गेलेच.

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली. "बोला."

"वडील डाव्या हातावर फूटपट्टी मारायचे," हे म्हणाले. "लिहायला डावा उचलला की एक, ताटात घातला की दोन. मग सगळं उजव्याने शिकलो. नवव्या वर्षी कॅरमच्या बोर्डावर डावा हात टाकला आणि कोणी ओरडलं नाही. तेवढी एकच जागा मिळाली."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू कधी बघायला आलीच नाहीस ना."

यावर माझ्याकडे दिवाळसणाचं उत्तर होतं, पण ते मी अडतीस वर्षं वापरून पार झिजवलं होतं. म्हणून मी दुसरीकडून धरलं. "मग फॉर्मवर उजवा का लिहिलात? आता कोण फूटपट्टी घेऊन येणार होतं?"

यांनी माझ्या पर्सकडे बघितलं.

पर्समध्ये माझं इन्शुलिनचं पेन होतं. मला तीन वर्षांपासून दोन वेळा इन्शुलिन लागतं आणि सुई बघितली की माझे हातपाय गळतात. तेव्हा मी तोंड फिरवून बसते आणि हे माझ्या दंडाला सुई देतात. हॉस्पिटलात आल्यापासूनही पलंगावर बसून तेच देत होते. नर्सा हसायच्या, की पेशंट काका आणि इंजेक्शन काकूंना.

"पेनचं बटण मी उजव्या अंगठ्याने दाबतो," हे म्हणाले. "तोच बधीर झाला तर? खालच्या मजल्यावरची शेजारीण शुभा आठवडाभर येऊन देईल. पुढे?"

"डाव्याने द्यायचं."

"स्ट्रायकर वेगळा, कुंदा. डाव्या हाताने तुला काही द्यायला माझा हात उचलत नाही. तो खेळ गेला तर गेला."

मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी भांडते. मी तरातरा जाऊन स्वरदाला घेऊन आले आणि तिला उजवा हातही तपासायला लावला. तोही चार मोजेपर्यंत गुलाबी झाला.

"दोन्ही चालतील," ती म्हणाली. "सहाला सरांचा राउंड आहे, त्याआधी सांगा."

"उजवा," मी म्हटलं.

"डावा," हे म्हणाले.

"काकू, हात काकांचा आहे," स्वरदा म्हणाली. "तेच ठरवणार." आणि ती शेजारच्या पेशंटकडे गेली.

"हट्ट सोडा."

"तू तीन वर्षांत त्या सुईकडे बघितलं तरी आहेस का?" हे शांतपणे म्हणाले. या माणसाचा शांतपणा म्हणजे छळ आहे.

हॉस्पिटलचं जेवण सहाला यायचं, म्हणून माझा डबाही मी त्याच वेळी उघडायची. सुईची वेळ झालीच होती. मी पडदा ओढला, पेन काढलं, पदर बाजूला करून पोटाला लावलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं. "झालं!"

"आतलं टोपण काढ आधी," हे म्हणाले. "आणि डोळे उघड. पोट तुझं आहे, चाचपडायला अंधार नाहीये."

मी टोपण काढलं, यांनी डोसचा आकडा पुन्हा फिरवून दिला. सुई दिसली. केवढीशी ती, पण माझ्या कपाळाला घाम फुटला.

"चिमटीत धर. सरळ टोच. तिरकी नको. आता दाब."

मी टोचली आणि दाबलं. मोठ्याने दहा मोजले, सहा दोनदा मोजले असावेत. सुई बाहेर काढली तेव्हा पोटावर ठिपकासुद्धा नव्हता. तीन वर्षं याच्यासाठी मी यांना घड्याळाच्या काट्याला बांधून ठेवलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

वाटलं, हे आता चिडवतील. पण यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि पेन तसंच धरून बसले. चेहरा एवढासा झाला होता.

"आता सकाळी उठून मी काय करायचं?"

"जिवंत राहायचं," मी म्हटलं. माझा आवाज फाटला आणि तो मी फाटू दिला. "मला बाकी काही नको तुमच्याकडून. तेवढं एक करा."

बाहेर राउंडची गडबड सुरू झाली. स्वरदाने पडदा बाजूला केला, तिच्या हातात मार्कर होता. यांनी पेन माझ्या ओटीत ठेवलं आणि उजवा हात तिच्यापुढे केला.