बाहीचा दोरा

आमच्या ह्यांना सगळे मास्तर म्हणतात. उभा जन्म कपडे बेतण्यात आणि शिवण्यात गेला. मग दुकानाच्या जिन्यावरून पडले आणि मानेला मार बसला. पाय लवकर सावरले, हात मात्र रुसून बसले. घास मी भरवायचा आणि ह्यांनी भिंतीकडे बघत खायचा. माझा जीव नुसता तुटायचा.

दवाखान्यात नवा उपचार सुरू झाला होता. मानेवर चिकटपट्ट्या लावून मणक्याला बारीक करंट द्यायचा आणि त्याच वेळी हातांचा व्यायाम करायचा. करंट हात हलवत नाही, मेंदूचा निरोप हातापर्यंत पोचायला मदत करतो, असं थेरपिस्ट पोरीनं समजावलं होतं. दंड उचलता येऊ लागले, मूठही अर्धीमुर्धी वळू लागली. चिमूट काही जमेना. आणि चिमटीवाचून शिंप्याचं काय होतं, ते मला कुणी सांगायला नको. आज बोटांत फरक दिसला नाही, तर उपचार थांबणार होता.

टेबलावर भोकं पाडलेली पाटी आणि वाटीभर लाकडी खुंट्या. एकेक उचलून भोकात बसवायची. पहिली निसटली. दुसरी घरंगळत कोपऱ्यात गेली. मी मदतीला सरसावले, तशी पोरीनं मला दटावलं. मग मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "नाही व्हायचं हे."



पोरगी खुंट्या गोळा करू लागली. तिच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. लोंबता दोरा दिसला की ह्यांना चैन पडत नाही. रस्त्यात परक्या माणसाला थांबवतील. मास्तरांचा हात पुढे गेला, अंगठा तर्जनीला टेकला आणि त्यांनी दोरा ओढला. सगळी दुमड सर्रकन उसवली.

मास्तर ओशाळले. "दोरा ओढायचा नसतो, कापायचा असतो. एवढी साधी गोष्ट, आणि मी चुकलो. तुझी बाही उसवली गं बाळा."

पोरगी बाहीकडे बघतच नव्हती. दोरा अजून ह्यांच्या चिमटीत होता.

"काका," ती म्हणाली, "दुसरीपण उसवा की."

तेव्हा कुठे मास्तरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मला इतकं हायसं वाटलं, की रडता रडता हसू फुटलं.

उपचार चालू राहणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. पट्ट्यांसाठी उघडलेली गळ्याची बटणं लावायला मी पुढे झाले, तर हे मागे सरकले. स्वतः लावणार म्हणे. मग किती वेळ गेला म्हणून सांगू! बटण काजात शिरतंय न शिरतंय, तोच निसटतंय. आमची बस डोळ्यांदेखत निघून गेली. मी चकार शब्द काढला नाही, आणि मी गप्प बसणं किती अवघड ते आमच्या घरी विचारा.

शेवटी एक बटण बसलं. चुकीच्या काजात. कॉलर एका बाजूला वर चढली. मास्तरांच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं. त्यांनी आरशात पाहिलं, कॉलरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चल."

तसेच ते भर रस्त्यातून घरी आले.