दारापुढच्या विटा

विटा आल्या त्या सकाळी गच्चीवर आनंदीआनंद झाला.

बाब-एल-ओएद या बंदराजवळच्या जुन्या वस्तीतली ती इमारत सहा मजल्यांची. सहाव्याच्या वर गच्ची आणि गच्चीवर धुण्याच्या पाच खोल्या. कधीकाळी खालचे भाडेकरू तिथे चादरी धुवायला येत. आता पाचही खोल्यांत संसार होते, कुणाचा पंधरा वर्षांचा, कुणाचा पंचवीस. घरवाटपाची समिती तीनदा येऊन गेली होती, तीही पहाटे, खरंच कोण इथे झोपतं ते बघायला. त्यांनी गाद्या चाचपून ऊब पाहिली, दात घासायचे ब्रश ओले आहेत का तेही पाहिलं. मग दारांच्या बाजूला भिंतीवर लाल रंगाने आकडे घातले. शिवणकाम करणाऱ्या वर्दियाच्या दाराशेजारी चार आला.

दोन मजूर घामाघूम होऊन विटांच्या खेपा वर आणत होते आणि प्रत्येक दारापुढे एक ढीग रचत होते. शेजारची खाल्ती हनीफा, म्हणजे सगळ्या गच्चीची म्हातारी मावशी, काठी टाकून उभी राहिली आणि तिने लग्नात देतात तशी जीभ हलवून ललकारी दिली.

"अगं वर्दिया, बाहेर ये! विटा आल्या! घर मिळालं!"

सगळ्यांना माहीत होतं. सरकार ज्या दिवशी नवं घर देतं, त्याच दिवशी जुनी खोली बुजवून टाकतं. नाहीतर संध्याकाळच्या आत दुसरं कुणीतरी तिथे बिऱ्हाड मांडतं. म्हणजे ज्याच्या दारात विटा, त्याच्या हातात किल्ली.

वर्दिया शाळेचे गुलाबी एप्रन शिवत होती. मशीन थांबवून ती दारात आली, तर समोर एक गवंडी उभा. सडपातळ, चुन्याने पांढऱ्या पडलेल्या भुवयांचा. त्याचं नाव बूजमा. त्याने टेप उघडली.

"जरा बाजूला होता का, ताई? दाराची रुंदी घ्यायचीय."

ती सरकली. आपण उभ्या आहोत त्याच जागेचं माप दुसरं कुणी घेतंय, हे तिला कसंतरीच वाटलं.

"नावं लागली का रे?"

"नावांचं मला काय विचारता? माझ्या कागदावर पाच दारं आहेत. बुधवारी सकाळी भरायची."

घरं मिळालेल्यांची यादी दुपारी समितीच्या कार्यालयाच्या भिंतीवर लागली. वर्दियाचा नवरा अरेझ्की बंदरातल्या क्रेनना वंगण घालायचा. तो कामावरून तसाच यादी बघायला गेला. परतला तेव्हा सहा मजले चढून आलेला माणूस धापा टाकतो तशा त्याने टाकल्या नाहीत. येऊन खुर्चीवर बसला.

"चार नावं आहेत," तो म्हणाला. "आपल्या गच्चीची चारच."

"नीट बघितलंस?"

"पाचदा वाचली. मागच्या माणसाने ढकललं मला."

सतरा वर्षांची तिझिरी पुस्तकातून मान वर काढून म्हणाली, "पण आपल्या दारात विटा आहेत ना, बाबा?"



मंगळवारी दोघं कार्यालयात गेली. तीन तासांनी काचेपलीकडच्या बाईने त्यांची फाइल उघडली आणि संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"तुमच्या नावावर घर आहे. सेतीफला. अठ्ठ्याण्णव साली मिळालेलं."

"सेतीफला मी आयुष्यात एकदा गेलोय," अरेझ्की म्हणाला. "मेहुण्याच्या लग्नाला. जेवलो आणि परत आलो."

"नाव जुळतंय. वडिलांचं नाव मोहंद, तेही जुळतंय."

"आमच्या डोंगरात हाक मारा, दहा मोहंद ओ देतील. त्या माणसाची जन्मतारीख काय?"

"तारीख या तपासणीत धरत नाहीत." बाई वाईट नव्हती. तिने आवाज खाली आणला. "हरकत लिहून द्या. आठ दिवसांची मुदत आहे. मग चौकशीला माणूस येईल, तुम्ही खरंच तिथे राहता का ते बघेल."

वर्दिया काचेच्या भोकाशी वाकली. "बाई, उद्या आमच्या दारात भिंत घालणार आहेत. मग तो माणूस काय बघेल?"

बाईने कागद सारखे केले. "दारांचं खातं वेगळं आहे. पुढचा कोण?"

बुधवारी ट्रक आले. खाली गल्लीत खुर्च्या, गालिचे, फ्रीज, गॅसच्या टाक्या यांची रांग लागली. खाल्ती हनीफा निघताना वर्दियाच्या गळ्यात पडली.

"चल माझ्याबरोबर. माझी सून आहे म्हणून सांगते."

"तुझ्या कागदावर एकच माणूस आहे, खाल्ती. दुसरं सापडलं तर तुझंही घर काढून घेतील."

हे म्हातारीलाही ठाऊक होतं. ती तीनदा मागे वळून बघत जिना उतरली.

दहा वाजेपर्यंत पहिल्या तीन खोल्या आणि पाचवी बुजली होती. कालपर्यंत जिथे पडदे हलत होते तिथे ओली राखाडी भिंत. मग निळ्या जाकिटातला सरकारी साहेब चौथ्या दाराशी आला. वर्दिया आणि तिझिरी आत पलंगावर बसल्या होत्या. अरेझ्कीला दोन पोलिसांनी जिन्याजवळ अडवून धरलं होतं आणि तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "हरकत दिलीय, पावती आहे माझ्याकडे, बघा तरी!"

"बाई, बाहेर या," साहेब म्हणाला.

"बाहेर कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर."

"कुठे ते सांगा, मी येते."

साहेबाने सुस्कारा टाकला. "बूजमा, सुरू कर. दोन थर पडले की आपोआप येतील."

दोन थर पडले. वर्दिया उठली नाही. चार पडले, सहा पडले. बूजमा मान वर न करता थापी चालवत होता. खोलीतला उजेड खालून वर सरकत चालला. आधी फरशी काळवंडली, मग पलंगाचे पाय, मग तिझिरीच्या मांडीवरचं पुस्तक. पोरीने आईचा हात धरला. तळवा थंडगार होता. आईचा की स्वतःचा, ते तिलाच कळेना.

भिंत छातीइतकी झाली तेव्हा बूजमा पुटपुटला, "ताई, पाया पडतो, बाहेर या. माझी आईही अशाच खोलीत राहते."

"तू तुझं काम कर, भावा. मी माझं करते."

त्याने अजून एक थर घातला. मग थापी बादलीत टाकली आणि सरळ उभा राहिला.

"आत माणसं आहेत. वरचे थर मी घालणार नाही. दुसरा कुणी बघा."

खाली ट्रक भोंगे वाजवत होते, दुपारी साहेबाला दुसऱ्या गल्लीत जायचं होतं. त्याने फोन काढला, गुडघ्यावर बसला आणि फक्त बांधलेला भाग येईल असा कोन धरून भिंतीचा फोटो घेतला. वरची मोकळी जागा त्यात आलीच नाही. बाजूचा लाल चार मात्र स्पष्ट दिसत होता. "झालं," म्हणून तो निघाला.

त्या दिवशी त्यांना वाटलं, आपण जिंकलो. बाहेर एक स्टूल, आत एक स्टूल ठेवून तिघं भिंतीवरून ये-जा करू लागली. "मांजरं झालो आपण," तिझिरी म्हणाली आणि तिघं हसली. त्या घरातलं ते बऱ्याच दिवसांपुरतं शेवटचं हसणं.

शुक्रवारी वीज गेली. फक्त गच्चीची. तारच कापून नेली होती. सोमवारी नळ कोरडा पडला. खालच्या मजल्यावरच्या बायका वर्षानुवर्षं वर्दियाकडून एप्रन शिवून घ्यायच्या. त्या आता जिन्यात भेटल्या की पिशवी चाचपत घाईने खाली उतरायच्या. एकीने तर विचारलंच, "तुम्ही अजून इथेच? आम्हाला तर सांगितलं, गच्ची रिकामी झाली." मशीन हाताने फिरवून वर्दिया दिवसाउजेडी जमेल तेवढं शिवायची. तिझिरीला तिने अभ्यासासाठी खाल्ती हनीफाकडे धाडलं, तेही आठवड्यातून दोनच दिवस, तिच्या नव्या शेजाऱ्यांनी चुगली करू नये म्हणून.

पंचविसाव्या दिवशी चौकशीचा माणूस आला. वयस्कर, चष्मेवाला, जिन्याने दमलेला. तो भिंतीसमोर उभा राहिला आणि हातातला कागद बघू लागला. वर्दियाने आतून भिंतीवर कॉफीचा पेला ठेवला.

"घ्या, दमला असाल."

त्याने पेला घेतला, पण प्यायला नाही. "ही खोली नऊ तारखेला बंद झाली, बाई. फोटो आहे."

"मी तुमच्यासमोर उभी आहे."

"दिसताय ना. पण बंद खोलीत माणूस राहतो, असं लिहायला माझ्या कागदावर जागा नाही." त्याने चष्मा पुसला आणि मग हळूच विचारलं, "तुम्ही इथे राहता, असं लिहू? विचार करून सांगा. नाही म्हणालात तर हरकत इथेच संपते. हो म्हणालात तर सरकारने बुजवलेली जागा तुम्ही फोडलीत, असा अर्थ निघतो."

"फोडली नाही. ती पुरी झालीच नव्हती."

"फोटोत पुरी आहे."

अरेझ्की कामावर होता. विचारायला कुणी नव्हतं. वर्दियाने भिंतीवर दोन्ही हात टेकले. वीस वर्षं ती इथे राहत होती. तिझिरीचं पहिलं पाऊल याच फरशीवर पडलं होतं. आणि आज कुणीतरी तिला तोंडावर विचारत होतं की तू आहेस का.

"लिहा," ती म्हणाली. "राहते."

तिने सही केली. उतरताना तो माणूस म्हणाला, "अल्ला तुमचं भलं करो." रुग्णाला भेटून दवाखान्यातून निघताना म्हणतात, तशा सुरात.

महिन्याने पत्र आलं. गच्चीच्या पत्त्यावर सरकारी पत्र येण्याची ती पहिलीच वेळ. ते घरवाटपाकडून नव्हतं, न्यायालयाकडून होतं. बंद केलेल्या जागेत बेकायदा प्रवेश. आरोपी म्हणून वर्दियाचं नाव, रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सकाळी हजर राहायचं.

त्याच आठवड्यात घरमालकांचा माणूस जिन्याच्या वरच्या टोकाला लोखंडी दार बसवून गेला. "रिकाम्या गच्चीवर कुणी चढू नये म्हणून," तो म्हणाला. "रविवारपासून कुलूप. सांगून ठेवतो, बाहेर असाल तर बाहेरच राहाल."

तिझिरी खाल्तीकडे होती; शनिवारभर नवरा-बायकोचं बोलणं चाललं. दोघं गेली तर खोली गेली. ती गेली नाही तर तिच्या गैरहजेरीत तिच्याविरुद्ध निकाल लागेल.

"मी जाते," शेवटी ती म्हणाली. "तू थांब. आत कुणी असलं की त्यांना कुलूप लावता येणार नाही."

"लावलं तर?"

"हाक मार. खाली सहा मजले माणसं राहतात."

रविवारी सकाळी तिने काळा कोट घातला, पावती आणि पत्र पिशवीत ठेवलं आणि स्टुलावरून भिंत ओलांडली. अरेझ्की आतून तिचे हात धरून होता, ते त्याने उशिरा सोडले. ती जिना उतरू लागली. ती चौथ्या मजल्यावर असताना वर कुणाची तरी पावलं वाजली आणि मग लोखंडी दार लागून कुलूप पडल्याचा आवाज सगळ्या जिन्यातून घुमत खाली आला.

ती कठड्याला धरून उभी राहिली. वरून हाक येते का ते ऐकत राहिली. चौथ्या मजल्यावरचं एक दार फटीएवढं उघडलं, कुणीतरी बघितलं आणि ते पुन्हा बंद झालं.

न्यायालयाची वेळ नऊची होती. ती उतरत राहिली.