मुनीरचा हात

अवकाशस्थानक लेबनॉनवरून जाताना जेमतेम दहा मिनिटं गावाशी बोलता येतं. तेवढा वेळ विदाद रोज रेडिओ लावून बसायची. एवढी अंतराळवीर झाली, पण पोरपणीचं खूळ काही सुटलं नाही. त्या मंगळवारी मोर्सची टिकटिक आली.

"बाबा, कुठं आहेस?"

तिनं हात लगेच ओळखला. माणसाचं अक्षर ओळखू येतं तसा मोर्स पाठवणाराचा हातही ओळखू येतो. शब्दाची शेवटची रेघ अशी लांबवणारा जगात एकच, तिचा धाकटा भाऊ मुनीर. बोटीवर रेडिओ चालवायला गेला आणि बोटीसकट समुद्रात गडप झाला, त्याला सहा वर्षं झाली. रेडिओचं हे वेड त्याला विदादनंच लावलं होतं. बापानं तेव्हापासून तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

म्हणजे बुडालेलं पोर बापाला हाक मारतंय? तिनं विचारलं, मुनीर, जिवंत आहेस?

"तो तिथं नाही?" उत्तर आलं. "मी अबू मुनीर."

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अबू मुनीर म्हणजे मुनीरचा बाप. अहो, त्यांच्या मीना बंदरात बापही लेकराला लाडानं 'बाबा' म्हणतो! घरात रेडिओचं नाव काढू न देणारा म्हातारा मुनीरनं सरावाला भरलेल्या जुन्या कॅसेटी ऐकून मोर्स शिकला होता, त्याच्या खोडीसकट. समुद्र धुंडाळून झाला, आता आभाळ धुंडाळत होता.

मुनीर नाही, मी विदाद, असं तिनं कळवलं. अजून चार मिनिटं हातात होती, पण बापानं एक अक्षर पाठवलं नाही. मेलेल्या भावाचा तिला मत्सर वाटला, आणि त्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच हाक. तिसऱ्या दिवशीही. पोरगी काय दगडाची होती? चौथ्या दिवशी तिनं शेवटची रेघ लांबवली, हुबेहूब मुनीरसारखी. आपण काय पाप करतोय हे तिला पुरतं ठाऊक होतं.

"इथंच आहे, बाबा."

म्हातारा गडबडला, अक्षरं चुकली, पुन्हा पाठवली. थंडी वाजते का, विचारलं. पाणी नाकातोंडात गेलं तेव्हा फार त्रास झाला का, विचारलं. ती नाही म्हणाली. आवाज विरत चालला होता.

"मग एक काम कर, बाबा. विदाद तिथं एकटीच आहे. माझं तोंड उघडत नाही तिच्यापुढं. तू तिच्याजवळ बस."

"बसतो," तिनं कळवलं.