मकासरचं घड्याळ

माझी थोरली बहीण हबीबा पहाटे गेली, तेव्हापासून तिच्या मुलानं, तौफिकनं, हातातला फोन खाली ठेवला नव्हता. त्याची बहीण नुर्दिया मकासरला नोकरीला. रडत तिनं एवढंच सांगितलं, "एकच्या विमानात जागा मिळाली. माझ्याशिवाय आईला नेऊ नका रे. तोंड तरी बघू दे."

इमामसाहेब ऐकेनात. मयताला ताटकळत ठेवू नये, हे त्यांचं खरंच. तौफिकनं फोन त्यांच्यापुढे धरला.

"हे बघा, मकासर ते आपलं तेर्नाते हजारेक किलोमीटर. उड्डाण पावणेदोन तासांचं. एकला सुटलं की तीनपर्यंत नुर्दिया दारात."

"बरं, तीन. पुढे नाही."

तिला न्हाऊ मीच घातलं. कफनाच्या सगळ्या गाठी मारल्या, तोंडावरची तेवढी मोकळी ठेवली.

तीन वाजले. नुर्दियाचा फोन बंद.

"विमान चुकलं असणार तिचं," शेजारचा हमझा म्हणाला.

"चुकलं असतं तर कळवलं नसतं का तिनं? तोंड बंद ठेव!" मी त्याच्यावर खेकसले.

इमामसाहेबांनी आणखी पाव तास दिला. तोही सरला. तौफिक माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, बांध आता." मी बांधली. त्याआधी माझी बोटं झडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही बायका कबरस्तानाच्या कुंपणाशी उभ्या होतो. माती लोटणं चालू असतानाच डोंगराला वळसा घालून विमान आलं आणि आमच्या डोक्यावरून उतरत गेलं. तौफिकनं वर पाहिलं, हातातलं फावडं टाकलं आणि मटकन खाली बसला.

"मावशी, मकासरचा एक म्हणजे आपले दोन गं!"

हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मकासरवाल्यांचं घड्याळ आमच्या तासभर मागे, म्हणून आम्ही त्यांना झोपाळू म्हणून चिडवतो. पण आमच्या घरात तो तास धरायची ती एकटी हबीबा. रोज संध्याकाळी फोन मांडीवर घेऊन बसायची. "थांबा रे, तिची अजून सुट्टी व्हायचीय," म्हणायची. बाकी कुणाला कधी हिशेब करावाच लागला नाही. आणि आज तिलाच विचारायची सोय नव्हती.

आम्ही घरी पोचतोय तोच नुर्दिया फाटकातून धावत आली. चटया गुंडाळलेल्या, खोली रिकामी. तिनं आमच्या चपलांची ओली माती पाहिली. मग तौफिककडे पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिनं मनगट माझ्यापुढे धरलं. "मावशी, तीनच वाजतायत ना? मी वेळेवर आलेय. बघ ना."

मी पाहिलं. तिच्या घड्याळात तीनच वाजले होते.